डोक्यात गेलेला ताप

सांगवीच्या डेअरीवर दादासो दूध घ्यायला बसला, की रांगेतल्या माणसाला आपलं नाव सांगावं लागत नसे. नुसती किटली पुढं आली तरी तो मान वर न करता म्हणायचा, "तात्याबा, म्हशीला आज कडबा कमी पडला जनू, फॅट लागंना." रांग हसायची, तात्याबा शिव्या द्यायचे, आणि उद्या पुन्हा त्याच्याच समोर किटली ठेवायचे. बोलका गडी, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. बापजाद्यांनी मेंढरं राखली होती. त्याचा बाप आबाजी, त्यानं कळप विकून नीरेच्या काठाला रान केलं, आणि दादासो डेअरीवर लागला. गळ्यात माळ नव्हती, पण दारूच्या वासानं त्याला मळमळायचं.

म्हणून सत्याण्णव सालच्या माघात एका सकाळी तात्याबा दारात येऊन ओरडले, "सुकन्ये, तुझा नवरा पिऊन बसलाय डेअरीवर," तेव्हा सुकन्याला आधी हसूच आलं.

"ते पीत न्हाईत, तात्याबा."

"कालपातुर पीत नसंल. आज गाईचं दूध म्हशीच्या कॅनात वतलं त्यानं. आन मला म्हनतो, 'ए बारक्या, मागं सर.' मला! डेअरीचा चेअरमन हाय मी, नातवाचं लगीन झालंय माझ्या!"

सुकन्या पदर खोचून तशीच निघाली. दादासो डेअरीच्या पायरीवर बसला होता. डोळे लाल, चेहरा सुजल्यासारखा. तिनं दंडाला धरलं तर हात भाजला. दोन-तीन दिवस त्याच्या अंगात कणकण होती, डोकं ठणकतंय म्हणत होता, पण तापाच्या गोळ्या गिळून कामावर जात होता. त्या दिवसांत तो घरात नीट बोलला नव्हता. सुकन्याला वाटलं होतं, रुसलाय. बावड्याला तिच्या माहेरी भाचीचा साखरपुडा होता, तिला आठ दिवस आधी जायचं होतं, त्यावरून दोघांची तोंडातोंडी झाली होती. तिनंही मग तोंड फिरवलं होतं.

घरी आणून तिनं त्याला भिंतीला टेकवून बसवलं. तो म्हणाला, "जरा कात्री दे."

"कात्री? कशाला?"

"प्यायला!" असं म्हणून तो एवढा चिडला, की त्यांची सहा वर्षांची प्रतिक्षा खेळता खेळता खुदकन हसली. बाप माठाकडं बोट दाखवत होता आणि कात्री मागत होता. पोरीला तो खेळ वाटला. सुकन्याला काय वाटावं तेच कळेना. तिनं तांब्या दिला. तो घटाघट प्याला, आणि मग नाक वर करून म्हणाला, "काय जळतंय?"

काही जळत नव्हतं. चूल थंड होती, गोठ्यात धूर नव्हता. ती बघून आली. त्यानं परत विचारलं. ती परत बघून आली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती वैतागून म्हणाली, "माझं डोकं जळतंय, झोपा आता."

गावातल्या डॉक्टरांनी ताप बघितला, डोळे बघितले, एक इंजेक्शन टोचलं. "ताप डोक्यात गेलाय. मलेरिया असंल, न्हाईतर टायफॉइड. दोन्हीच्या गोळ्या देतो. उतरंल."

"पर शब्द चुकत्यात त्यांचं. पान्याला कात्री म्हनत्यात."

"तापात बडबडतोच मानूस."

हे खरंच होतं. तापात माणूस बडबडतो, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. सुकन्याही तेवढ्यावर गप्प बसली. पण दुसऱ्या दिवशी ताप उतरला नाही, आणि दादासो दिवसभर झोपून राहिला. उठवला की अंगावर यायचा. त्याची आई साखरबाई पेज भरवायला गेली, तर त्यानं वाटी भिरकावून दिली आणि तिच्याकडं अशा नजरेनं बघितलं, की म्हातारी चुलीपुढं जाऊन रडत बसली. "माझ्या लेकाच्या डोळ्यात माझा लेक न्हाय गं," एवढंच ती म्हणत राहिली.

आबाजीनं कारण शोधून ठेवलं होतं. "मेंढरं इकली तवापासनं बिरोबाचं काय केलं आपुन? नुस्ता नारळ. देव सोडतो व्हय? मी कोऱ्हाळ्याच्या म्हस्कूला सांगावा धाडलाय."

"मामा, आधी बारामतीला दाखवू," सुकन्या सासऱ्याला म्हणाली.

"इंजेक्शन दिलं न्हवं? काय उजेड पडला?"

कोऱ्हाळे बुद्रुकचा म्हस्कू देवऋषी दुपारी आला. सुकन्या त्याच्यावर मनातून खार खाऊन होती, पण तो आला तेव्हा तिनंच त्याला पाणी दिलं आणि तीच सगळ्यात पुढं बसली. कुणी सांगावं, असेलही काही. म्हस्कूनं भंडारा लावला, पुटपुटला, आणि दादासोच्या कपाळावर हात ठेवला. ठेवला तसा उचलला.

"आबाजी, देवाचं राह्यलंय, ते खरं. जत्रंला बोकड द्या. पर ह्याला ताप लई हाय. तापाचं माझ्याकडं काय न्हाय. दवाखान्यात न्या."

सुकन्या ताडकन उठली. "ऐकलं का, मामा?"

"ऐकलं. बोकड द्यायचा," आबाजी म्हणाला.

"दवाखान्यात न्या म्हनालं ते!"

"त्यो म्हनला, देवाचं राह्यलंय. त्ये फेडल्याबिगर दवाखान्याचा गुण कसा यील? जत्रा चार दिसावर हाय."

म्हस्कूनं दोन्ही सांगितलं होतं आणि म्हाताऱ्यानं आपल्याला हवं तेवढं घेतलं होतं. सुकन्या म्हस्कूला म्हणाली, "तुमीच सांगा की परत नीट." म्हस्कूनं खांद्यावर घोंगडं टाकलं, म्हणाला, "मी सांगितलं, बाई," आणि चालता झाला.

तिला त्या घडीला भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. ती सरळ स्टँडवरच्या एसटीडी बूथवर गेली आणि बावड्याला भावाच्या शेजारी फोन लावला. दत्तोबा, तिचा भाऊ, इंदापूर-बारामती रस्त्यावर वडापची, म्हणजे सीट भरून माणसं नेणारी ट्रॅक्स जीप चालवायचा. तो गाडीवर गेला होता. सांगतो म्हणाले. शेजाऱ्यांनी त्याला सांगायचं, त्यानं यायचं, तोवर दुसरा दिवस उजाडला, आणि त्या सकाळी दादासोला फिट आली. आधी उजव्या बाजूचं तोंड वाकडं होऊन उडायला लागलं, मग हात, मग सगळं अंग. आबाजी कांदा घेऊन धावला, कुणी चप्पल हुंगवली. सुकन्यानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ती सासऱ्याकडं बघत राहिली. त्या नजरेपुढं आबाजी मागं सरकला.

दत्तोबा आला तेव्हा त्यानं कुणाला विचारलं नाही. मेहुण्याला उचलून मधल्या सीटवर आडवं केलं. आबाजी मात्र पुढच्या सीटवर जाऊन बसला. म्हणाला, "लेक माझा हाय."

बारामतीच्या डॉक्टरांनी मान वाकवून बघितली, पायाच्या तळव्याला किल्ली ओढून बघितली, रक्त तपासलं. मलेरिया नव्हता. "मेंदूला सूज आहे. मेंदूज्वर म्हणा. कशामुळं, ते कळायला पाठीतलं पाणी काढून तपासायला पाहिजे, डोक्याचा फोटो काढायला पाहिजे. ते इथं नाही. पुण्याला न्या. आत्ता."

"इथं काय तरी द्या की तोवर," सुकन्या म्हणाली.

"फिटचं औषध दिलंय, अँटिबायोटिक दिलंय. ह्याउपर वेळ घालवू नका."

मोरगाव, जेजुरी, सासवड. दत्तोबा हॉर्नवरचा हात काढत नव्हता, पण सीझनचे दिवस, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या, एकामागं एक जोडलेल्या. एका चढाला ट्रॉलीचं चाक निखळलं होतं आणि अख्खा रस्ता अडला होता. दादासो मागं घोरल्यासारखा श्वास घेत होता. सुकन्या खाली उतरून त्या ट्रॅक्टरवाल्याशी भांडली. तो बिचारा म्हणाला, "वैनी, मी काय मुद्दाम मोडलं व्हय चाक?" खरंच, त्यानं काय केलं होतं? पण कुणावर तरी ओरडल्याशिवाय तिच्यानं राहवत नव्हतं.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात आल्या आल्या एका तरुण डॉक्टरानं दादासोच्या तोंडाशी नाक नेलं आणि कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "किती घेतो रोज?"

"काय घेतो?"

"दारू. बंद केली का मध्येच? बंद केल्यावर असं होतं."

सुकन्याचा बांध फुटला. "आवो, सगळ्या गावानं तेच म्हनलं! गाव सोडून इतक्या लांब आले ते हेच ऐकायला व्हय? त्या मानसानं आयुष्यात थेंब घेतलेला न्हाय. ताप हाय त्यांना, ताप! हात लावून तर बघा!" वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. तो डॉक्टर ओशाळला. म्हणाला, "विचारावं लागतं हो, ताई." आणि मोठ्या डॉक्टरबाईंना बोलावून आणतो म्हणून गेला.

नाखरे बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्मा केसात अडकवलेला. त्यांनी पेशंट बघितला आणि मग आबाजीला नाही, दत्तोबाला नाही, सुकन्याला विचारलं, "पहिल्यापासून सांगा. ताप आला त्याच्या आधी काही? ताप आल्यावर आधी काय बदललं?"

तिनं सगळं सांगितलं. रुसवा वाटला तेही सांगितलं. कात्रीचं सांगितलं. जळका वास सांगितला तेव्हा बाईंनी चष्मा खाली ओढला. "वास? नसताना?"

"व्हय. सारखं इचारायचं, काय जळतंय."

"आणि फिट उजवीकडून सुरू झाली?"

"तोंडापासनं."

बाई म्हणाल्या, "ओठाला ताप उततो ना, बारीक फोड येते? त्या जातीचा एक विषाणू असतो. कितीतरी माणसांच्या अंगात तो जन्मभर निपचित पडलेला असतो, त्रास देत नाही. फार क्वचित एखाद्याच्या मेंदूत शिरतो. का, ते आम्हालाही नीट माहीत नाही. शिरला, की बहुतेक कानाच्या आतल्या बाजूच्या भागात जातो. शब्द, वास, आठवण, सगळं तिथलं. मला त्याचा संशय आहे."

"संशय? म्हंजी पक्कं न्हाय?"

"पक्कं नाही."

डोक्याचा फोटो काढला. त्यात काही दिसलं नाही. आबाजीला तेवढंच हवं होतं. "मशीन म्हनतंय, काय न्हाय. मग हितं का ठिवायचं? चला घरी."

"आजोबा, सुरुवातीला फोटोत दिसत नाही. दिसायला लागेपर्यंत थांबलो तर उशीर होईल. सूज फार नाही एवढं कळलं, म्हणजे पाठीतलं पाणी काढायला हरकत नाही. ते काढलं की बरंच समजेल."

पाठीतलं पाणी म्हटल्यावर म्हातारा उभा राहिला. "त्याला मी हो म्हननार न्हाय. आमच्यातल्या बनाबाईच्या पोराच्या पाठीत सुई घातली, त्यो तिसऱ्या दिशी गेला."

"तो आधीच फार आजारी असणार. सुईनं नाही गेला."

"तुमी हुता का तितं?"

नाखरे बाईंनी समजावलं, तरुण डॉक्टरानं समजावलं, दत्तोबा तर अंगावर धावून गेला. आबाजी हलेना. लेक माझा हाय, एवढंच. सुकन्या बाकड्यावर बसून हे ऐकत होती. सही कोण करणार ह्यावर तासामागून तास चालले होते आणि पलीकडं दादासोचा उजवा हात मधूनच उडत होता. तिच्या लक्षात आलं, सहीचं तिला कुणी विचारलंच नव्हतं, आणि तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं.

बाई तिच्यापाशी येऊन हळू म्हणाल्या, "पाण्यासाठी मी औषध थांबवत नाही. ते आताच सुरू करते. असायक्लोविर म्हणून इंजेक्शन आहे, ते बाहेरून आणावं लागेल. पण तपासलं नाही, तर मी अंधारात बाण मारत राहीन."

दत्तोबा इंजेक्शन आणायला गेला. पहिल्या दुकानात नव्हतं, दुसऱ्यात नाव ऐकून डोकं खाजवलं, कुठं एकच कुपी मिळाली, कुठं उद्या या म्हणाले. पुण्यासारख्या शहरात औषधासाठी वणवण करताना तो गाडीपेक्षा जास्त पायी हिंडला. तो घामाघूम होऊन परत आला, तेव्हा सुकन्या कागदासमोर बसली होती.

"मामा, मी सही करते."

"तू कोन करनार?"

"बायको हाय मी त्यांची. काय झालंच तर पांढरं कपाळ माझं हुनार हाय, तुमचं न्हाय."

आबाजी तिच्याकडं बघत राहिला. त्या घरात आल्यापासून ती त्याच्यापुढं अशी बोलली नव्हती. त्यानं पटका काखेत मारला आणि तो जिना उतरून गेला. स्वारगेटवरून एसटी धरून सरळ सांगवीला. सुकन्यानं सही केली. सातवीपर्यंत शिकलेली, नाव पूर्ण लिहिलं, सासऱ्याच्या आडनावासकट.

पाणी काढलं. नितळ निघालं. त्यात पेशी वाढल्या होत्या, पू नव्हता. डोक्याला तारा लावून एक पट्टी काढली, तिच्यात डाव्या कानाकडच्या बाजूला बिघाड दिसला. "माझ्या संशयाला धरून आहे सगळं," बाई म्हणाल्या. "पाण्याचा नमुना पुढं पाठवलाय. तिथून नाव कळलं तर कळेल."

"कळलं तर?"

"नाही कळलं तरी औषध हेच."

आजार आहे, औषध चालू आहे, आणि नाव नाही. बावड्याहून बघायला आलेली माणसं विचारायची, "काय झालंय?" आणि सुकन्याला सांगता यायचं नाही. मेंदूज्वर म्हणावं तर म्हणायचे, कशाचा? विषाणू म्हणावं तर म्हणायचे, कोणता? एकजण म्हणाला, "डाक्टरलाच ठावं न्हाय म्हन की." ती म्हणाली, "न्हायच ठावं," आणि वळून भिंतीकडं तोंड करून बसली. पुढं नमुन्याचं उत्तर आलं, तेही तसंच: निश्चित सांगता येत नाही. तिनं तो कागद बाईंच्या टेबलावर आपटला. "एवढ्यासाठी घेतलं व्हय पानी?"

बाईंना राग आला नाही. "पाण्यामुळं पू नाही हे कळलं, क्षय नाही हे जवळपास कळलं. तेही कमी नाही. मलाही नाव हवं होतं, सुकन्याबाई. तुमच्याइतकंच."

मग हळूहळू ताप उतरला. फिट थांबल्या. एका दुपारी सुकन्या त्याचे पाय पुसत होती आणि दादासोनं डोळे उघडून तिच्याकडं बघितलं. म्हणाला, "सुकन्या, पानी दे."

पाणी म्हणाला. कात्री नाही. ती फडकं टाकून बाहेर धावली. दत्तोबाला मिठी मारली, तरुण डॉक्टरला हात जोडले, झाडणाऱ्या मावशीला सांगितलं. परत आली तेव्हा दादासो उशीला टेकून बसला होता, चांगला हसला. विचारलं, "प्रतिक्षा चालाय लागली का?"

सुकन्याला वाटलं, थट्टा. "पहिलीत जाती ती."

"व्हय?" तो नवल करून म्हणाला. "कवा गेली?" आणि थोड्या वेळानं परत, त्याच आवाजात, "सुकन्या, प्रतिक्षा चालाय लागली का?"

नाखरे बाईंनी सगळं तपासून सांगितलं. मागचं जुनं बरंचसं आहे. मधली काही वर्षं पुसट झालीत. आणि आता नवं घडेल ते टिकायला कठीण जाईल. काही सुधारेल. किती, ते वर्षभरात दिसेल.

सुकन्यानं विचारायचं ते विचारलं. "चार दिस आधी आनलं असतं तर?"

"लवकर औषध पडलं तर जास्त वाचतं, हे खरं. ह्यांच्या बाबतीत किती वाचलं असतं, ते मला सांगता येत नाही."

"हो का न्हाय, एवढं तर सांगा."

"खोटं सांगू का? नाही सांगता येत."

सांगवीला परत आणलं तेव्हा गाव लोटलं. साखरबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. दादासोनं सगळ्यांना नावानं हाक मारली, कारण ती नावं जुनी होती. दवाखान्यात पडून तो जरा भरलाही होता. तात्याबा पाठीवर थाप मारून म्हणाले, "बरा झाला की गडी! पैल्यापरीस बरा!" आणि तिथून सुकन्याच्या जिवाचा खरा जाळ सुरू झाला.

आजारी होता तेव्हा निदान आजारी दिसत तरी होता. आता तो आंघोळ करून, टोपी घालून ओट्यावर बसायचा, आल्यागेल्याला रामराम करायचा. चहा पिऊन कप खाली ठेवायचा आणि विचारायचा, "चहा न्हाय का आज?" देवळाला जातो म्हणून निघायचा आणि नदीला जाऊन बसायचा. मधूनच विनाकारण भडकायचा. जो माणूस कधी पोरीवर आवाज चढवत नव्हता, त्यानं तिची पाटी फोडली, आणि घटकेनं तिलाच विचारलं, "पाटी कुनी फोडली गं?" बायका सुकन्याला म्हणायच्या, "नवरा परत मिळाला, आता कशाला कपाळाला आठ्या?" काय सांगणार? ज्याला ताप माहीत, त्याला उतरलेला ताप कळतो. ताप उतरून मागं काय राहिलं, ते कुणाला दाखवणार?

एकदा ती त्याच्यावर ओरडली. म्हशीला दोनदा आंबोण घातलं म्हणून. म्हैस फुगली होती. दवाखान्यापासूनचं, त्याच्याही आधीचं, सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं. त्याला लागलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. ती गोठ्यात जाऊन रडली, मन घट्ट करून परत आली, म्हटलं, चुकलं माझं. तो हसून म्हणाला, "काय चुकलं?" भांडण करायला, मिटवायलासुद्धा समोरच्याची आठवण लागते, हे तिला त्या दिवशी समजलं. तिचं भांडण तिच्यापाशीच राहिलं.

डेअरीवर त्याला परत बसवला, तर कुणाचं दूध घेतलं नि कुणाचं राह्यलं ह्याचा घोळ. लोक म्हणायला लागले, अंग चोरतोय. तात्याबांनी पंचांना बोलावून दुसरा माणूस बघायचं ठरवलं, तेव्हा सुकन्या तिथं जाऊन उभी राहिली. बाईमाणसानं तिथं जायची रीत नव्हती.

"तात्याबा, त्या दिशी तुमी म्हनला, पिऊन बसलाय. आज म्हनता, अंग चोरतोय. एकदा तरी आजारी हाय म्हना की!"

"आगं, दिसत न्हाय तसा."

"दिसत न्हाय म्हनून तर बोंबलतीया!"

पंच खाली बघायला लागले. शेवटी ठरलं, की माप आणि फॅट सुकन्यानं बघायचं, दादासोनं कॅन उचलायच्या, धुवायच्या. त्यात त्याला चुकायला जागा नव्हती. तात्याबा जाता जाता पुटपुटलेच, "बरा तर दिसतोय."

वर्षानं ती त्याला घेऊन पुण्याला गेली. नाखरे बाईंनी तपासलं. थोडं सुधारलं होतं. चहा प्यालेला आठवायला लागलं होतं. पोर पहिलीतून दुसरीत गेली हे मात्र अजून टिकत नव्हतं. "साधारण एवढ्यावर थांबेल," त्या म्हणाल्या. "रोजचं काम रोजच्या वेळेला, त्याच जागी. त्यानं सोपं जाईल." सुकन्यानं मान हलवली. एसटीत खिडकीशी बसून दादासो मोठ्यानं पाट्या वाचत होता.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी ती अंगणात कॅनची झाकणं उन्हात मांडत होती. आबाजी बाजेवरून उठून तिच्यापाशी येऊन उकिडवा बसला. पुण्याहून निघून आल्यापासून दोघांत कामापुरतंच बोलणं होतं.

"सुकन्या, त्या वख्ताला मी जत्रंचं काढून आडवलं नसतं, तर पोरगा धड ऱ्हायला असता का?"

ह्या प्रश्नाची तिनं किती वाट बघितली होती. तिच्याकडं शब्द तयार होते, एकेक घासून ठेवलेले. मान वर केली तर म्हाताऱ्याचा चेहरा दिसला, दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"सांगता येत न्हाय, मामा. डॉक्टरीनबाईलाबी न्हाय आलं सांगता."

"म्हंजी?"

"म्हंजी सांगता येत न्हाय."

"आसं कसं? हो तरी म्हन, न्हाय तरी म्हन!" आबाजीचा आवाज चढला. "हो म्हन! शिव्या घाल! पर काय तरी म्हन की!"

"हो असतं तर तवाच म्हनले असते. मला काय हौस हाय व्हय?"

म्हातारा उठला, चार पावलं गेला, परत आला, पुन्हा गेला. त्याचा राग कुणावर होता, त्यालाच कळत नव्हतं. तो राग तिला ओळखीचा वाटला. वर्षभर तोच तिच्या पोटात होता. तिनं बाजूची गोणपाटाची घडी त्याच्याकडं सरकवली. तो बसला.

गोठ्यातून दादासो बाहेर आला, दोन्ही हातांत धुतलेल्या कॅन. "दोघं उन्हात काय करताय?" त्यानं विचारलं. "म्हशी पिळायची वेळ झाली की."

"व्हय, झाली," आबाजी म्हणाला, आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.